पी.टी.च्या तासाला व्हॉलीबॉल: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न नववीतल्या एका मुलीचा आहे. शाळेत पी.टी.च्या तासाला व्हॉलीबॉल सुरू झालाय. पास घेताना हात लालबुंद होतात आणि बॉल भलतीकडेच उडतो, सर्व्हिस नेटपर्यंतही पोहोचत नाही, रोटेशन, म्हणजे खेळाडूंनी क्रमाने जागा बदलणं, तर डोक्यावरून जातं. महिनाभरात प्रात्यक्षिक परीक्षा आहे, तेवढ्यात सगळं कसं शिकू, असं ती विचारते.

सगळं शिकायला जाऊ नकोस. अंडरआर्म पास (जोडलेल्या हातांनी खालून उचललेला) आणि अंडरआर्म सर्व्हिस या दोन गोष्टी पक्क्या कर, ओव्हरहेड पास (डोक्यावर बोटांनी दिलेला) जमेल तेवढा कर आणि स्मॅशचा, म्हणजे वरून जोरात फटका मारायचा, नाद सध्या सोड. वर्गात खेळताना सगळ्यांना स्मॅशच मारायचा असतो, पण शाळेतल्या सामन्याचे गुण जरा मोजून बघ. कुणाची तरी सर्व्हिस नेटमध्ये अडकली, नाहीतर आलेली सर्व्हिस कुणालाच उचलता आली नाही, यातच निम्म्याहून जास्त गुण जातात. ज्या संघाला बॉल नुसता उचलून पलीकडे टाकता येतो, तो संघ या पातळीवर जिंकतो.

या खेळाची खरी गोम अशी की बॉल पकडता येत नाही. बास्केटबॉलमध्ये बॉल हातात आल्यावर दोन क्षण विचार करता येतो, फुटबॉलमध्ये तो पायाशी थांबवता येतो. इथे बॉल हाताला लागतो आणि लागलीच सुटतो. म्हणजे कुठे उभं राहायचं, कुणाला द्यायचा, हात कसे धरायचे हे सगळं बॉल येण्याआधीच ठरलेलं हवं. हात लाल होणं, बॉल उडणं, दोघींच्या मधे पडणं या तुझ्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात. तू बॉलपर्यंत उशिरा पोहोचतेस आणि मग हात लांब करून त्याला कसाबसा गाठतेस. म्हणून मी सुरुवात पायांपासून करतो.

पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकव, एक पाऊल किंचित पुढे, गुडघे वाकलेले, वजन टाचांवर न ठेवता चवड्यांवर. हात पुढे, सैल, अजून जोडायचे नाहीत. हात जोडून धावणाऱ्या मुली मी दर वर्षी बघतो. जोडलेल्या हातांनी कुणालाही नीट पळता येत नाही. आधी बॉलच्या मागे पोहोचायचं, थांबायचं, मग हात जोडायचे. एकदोन पावलांचं अंतर असेल तर बाजूला सरकत जा, पाय एकमेकांवर आडवे टाकू नकोस. बॉल तुझ्या पोटासमोर येईल अशी जागा घ्यायची. पोटासमोर आला की पास अर्धा झालाच.

आता हात. एका हाताची मूठ दुसऱ्या तळव्यात ठेव किंवा एका हाताची बोटं दुसऱ्यावर आडवी ठेव, दोन्ही चालतं. महत्त्वाचं एवढंच की दोन्ही अंगठे शेजारी शेजारी, समांतर आणि एकाच उंचीवर हवेत. बोटं एकमेकांत गुंतवू नकोस, जोरात आलेल्या बॉलने ती दुखावतात. आता अंगठे जमिनीकडे दाब. तसं केलं की कोपरं आपोआप ताठ होतात आणि हातांचा आतला मऊ, सपाट भाग वर येतो. बॉल लागायला हवा तो मनगटाच्या चार बोटं वर, त्या मऊ भागावर. मनगटाच्या हाडावर किंवा अंगठ्यांवर लागला तर दुखणारही आणि वाकडाही जाणार.

दोन्ही हात मिळून एक तिरकी फळी होते असं समज. फळीचं तोंड जिकडे, बॉल तिकडे. मग बॉल कुठे गेला यावरून काय चुकलं ते तुझं तुलाच ओळखता येईल. डोक्यावरून मागे गेला? कोपरं वाकली, नाहीतर हात खांद्यांच्या वर गेले. डावीकडे किंवा उजवीकडे उडाला? एक हात दुसऱ्यापेक्षा खाली होता, बहुधा बॉल बाजूला असताना तू वाकून घेतलास. खाली, सरळ नेटमध्ये गेला? फळी फार उभी होती, म्हणजे हात जमिनीकडे लोंबत होते. हे तीन प्रश्न प्रत्येक फसलेल्या पासनंतर स्वतःला विचार. मैत्रिणीने 'नीट मार ना' म्हणण्यापेक्षा याचा जास्त उपयोग होईल.

आणखी एक खोड बहुतेकांना असते, हात खालून वर झोकून बॉलला फटका मारायची. बॉल हळू येत असेल तर उंची पायांतून मिळते: वाकलेले गुडघे सरळ करायचे, हात जवळपास आहेत तिथेच राहतात. बॉल जोरात आला तर त्याच्यात आधीच भरपूर ताकद असते, तेव्हा काहीच करायचं नाही, उलट हात किंचित मागे घेऊन धक्का जिरवायचा. जोराच्या सर्व्हिसवर हात झोकले की बॉल छपराला लागतो. पास नेटच्या उंचीहून मीटर-दीड मीटर वर जाईल एवढा उंच ठेव. खालून सपाट गेलेल्या पासवर पुढच्या खेळाडूला काही करता येत नाही. उंच पासवर तिला पोहोचायला वेळ मिळतो, भले तो थोडा चुकीच्या जागी का पडेना.

हात लाल होण्याबद्दल. थोडं होणारच, आठ-दहा दिवसांत कातडी सरावते. पण बॉलची हवाही बघ. नियमाप्रमाणे बॉलचा घेर 65 ते 67 सेंटिमीटर, वजन 260 ते 280 ग्रॅम आणि आतला दाब 0.30 ते 0.325 किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. शाळेत पंप हाती आला की मुलं बॉल दगडासारखा होईपर्यंत फुगवतात. दोन्ही अंगठ्यांनी दाबल्यावर तो जरासा तरी आत जायला हवा. सुरुवातीला पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाल. घड्याळ, बांगड्या, अंगठी काढून ठेव, नखं काप. हे मी सूचना म्हणून सांगत नाही, अट म्हणून सांगतोय.

सरावाला भिंत पुरे. भिंतीपासून दोन-अडीच मीटरवर उभी राहा, भिंतीवर डोक्याच्या बऱ्याच वर खडूने रेघ मार आणि प्रत्येक पास त्या रेघेच्या वर लागू दे. सलग किती होतात ते मोजत जा. चार दिवसांनी कुणाला तरी बॉल कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी पुढे टाकायला सांग, कारण भिंत तुला पळवत नाही आणि सामन्यात पळावंच लागतं. परीक्षेत बहुधा सलग पास मोजतात किंवा जोडीने करायला लावतात. तुझ्याकडे नेमकं काय मोजणार आहेत ते सरांना आजच विचारून घे.

ओव्हरहेड पासमध्ये बॉल कपाळाच्या वर, किंचित पुढे घ्यायचा. दोन्ही तळवे पसरून बोटांचा त्रिकोण कर आणि त्यातून बॉलकडे बघ. अंगठे तुझ्या चेहऱ्याकडे वळलेले हवेत, समोर बॉलकडे रोखलेले नकोत. अंगठा मुरगळतो तो असाच. बॉल बोटांच्या पेरांवर येतो, तळव्याला लागत नाही. कोपरं बाहेर, गुडघे वाकलेले, आणि बॉल लागताच पाय आणि कोपरं एकदमच सरळ होतात. जागा बरोबर आहे का हे तपासायची सोपी युक्ती: बॉल स्वतःच वर उडव, कपाळावर त्याच पद्धतीने हातात पकड आणि तिथेच थांब. पकडलेला बॉल छातीपाशी किंवा डोक्यामागे सापडला तर तू बॉलखाली पोहोचलीच नव्हतीस.

या पासवर पंच दोन फाउल देतात. बॉल हातात क्षणभर जरी थांबला, पकडून फेकल्यासारखा वाटला तर तो धरलेला बॉल. शाळेत याला 'लिफ्ट' म्हणतात. दोन्ही हात मागेपुढे लागले तर 'डबल'. मात्र पलीकडून आलेल्या बॉलवर संघाचा पहिला स्पर्श असेल आणि बॉल एकाच हालचालीत लागोपाठ दोन ठिकाणी लागला, तर तो फाउल धरत नाहीत. धरलेला बॉल मात्र पहिल्या स्पर्शालाही चालत नाही.

सर्व्हिस नेटपर्यंत जात नाही याला ताकद क्वचितच कारण असते. तू उजव्या हाताने खेळतेस असं धरून सांगतो. डावा पाय पुढे, डाव्या हातात बॉल कमरेच्या उंचीवर, उजव्या बाजूला. उजवा हात सरळ मागे नेऊन पुढे आण आणि तळव्याच्या मनगटाजवळच्या कडक भागाने बॉलच्या मागे, किंचित खालून मार. मारताना वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर येऊ दे. लांबी तिथून येते. ज्यांचा बॉल सरळ आभाळात जातो त्यांचा डावा हात बघ, मारण्याआधी तो बॉलसकट वर उचलला जातो, मग उजवा हात बॉलच्या पार खाली लागतो. डावा हात स्थिर ठेव आणि फटक्याच्या अगदी आधी बॉल सोड. सोडणं विसरू नकोस. हातातच धरलेल्या बॉलवर फटका मारला तर तो फाउल आहे.

पहिल्याच दिवशी मागच्या रेषेवरून मारायचा हट्ट धरू नकोस. मैदान 18 मीटर लांब आणि 9 मीटर रुंद, म्हणजे मागच्या रेषेपासून नेट 9 मीटरवर. तू नेटपासून 5 मीटरवर उभी राहून मार. दहापैकी आठ पलीकडे पडायला लागले की एक पाऊल मागे. असं सरकत गेलीस की रेषेपर्यंत पोहोचतेस आणि फटक्याचं तंत्रही बिघडत नाही. लांबून जोर लावून शिकलेल्या मुलींचा खांदा उचललेलाच राहतो, तो मग सुटत नाही. महिला गटात नेटची उंची 2.24 मीटर असते, पुरुषांत 2.43; शाळेत लहान वयासाठी ती याहून खाली बांधतात.

ओव्हरहँड फ्लोटर, म्हणजे हात वरून आणून मारलेली न फिरणारी सर्व्हिस, बघून तुला मोह होईल. बॉल खांद्यासमोर थोडासाच उडवायचा, कडक तळव्याने मधोमध मारायचा आणि हात तिथेच थांबवायचा, म्हणजे बॉल फिरत नाही. न फिरणाऱ्या बॉलच्या शिवणीभोवतीची हवा सारखी बदलत राहते, त्यामुळे तो हवेत डगमगतो आणि घेणारीला कळत नाही कुठे पडणार. छान सर्व्हिस आहे, पण परीक्षा झाल्यावर.

सर्व्हिसचे नियम थोडेच आहेत. पंचांची शिट्टी झाल्यावर 8 सेकंदांत मारायची. शिट्टीआधी मारली तर गुण जात नाही, ती पुन्हा मारायला लावतात. बॉल मारेपर्यंत रेषेला पाय लागता कामा नये, मारल्यावर खुशाल आत ये. नेटला लागून पलीकडे गेलेली सर्व्हिस आता चालते, खेळ सुरूच राहतो. जुने खेळाडू कधीकधी ती परत मारायला सांगतात, त्यांच्या काळचा नियम वेगळा होता.

गुणांचंही तसंच. 1990च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ज्या संघाची सर्व्हिस असेल त्यालाच गुण मिळायचा आणि सेट 15चा असायचा. आता प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिसपासून बॉल मरेपर्यंतच्या खेळाला, गुण आहे, सर्व्हिस कुणाचीही असो. सेट 25चा, जिंकायला किमान 2 गुणांची आघाडी हवी, म्हणून 24-24 झालं की 26-24, 27-25 असं पुढे जातं. पाचपैकी तीन सेट जिंकणारा संघ विजयी आणि पाचवा सेट झाला तर तो 15चा.

रोटेशन तुला कळत नाही कारण ते बहुतेक ठिकाणी पाठ करायला देतात. कागदावर मैदानाची तुझ्याकडची अर्धी बाजू काढ, नेट वरच्या कडेला. पुढच्या रांगेत डावीकडून उजवीकडे 4, 3, 2 आणि मागच्या रांगेत 5, 6, 1. सर्व्हिस नेहमी 1 वाली मारते. बस, एवढंच लक्षात ठेव. समोरच्या संघाकडे सर्व्हिस असताना तुम्ही रॅली जिंकलात तर एक गुण मिळतो, सर्व्हिस तुमच्याकडे येते आणि सगळ्या घड्याळाच्या काट्याप्रमाणे एक घर सरकतात. 2 वाली 1 वर येते आणि तीच सर्व्हिस मारते. तुमचीच सर्व्हिस होती आणि तुम्हीच गुण मिळवला, तर कुणीही हलायचं नाही. तीच मुलगी पुन्हा मारते. म्हणजे तू 2 वर उभी असशील तर पुढची सर्व्हिस तुझी आहे, आतापासून तयार राहा. निम्मा गोंधळ एवढ्यानेच मिटतो.

उरलेला निम्मा गोंधळ जागांच्या क्रमाचा. समोरून सर्व्हिस मारली जाते त्या क्षणी तुमच्या संघाने हा क्रम पाळायचा असतो: 4 ही 3 च्या डावीकडे, 3 ही 2 च्या डावीकडे, आणि पुढची प्रत्येक जण तिच्या मागच्या जोडीदारणीच्या पुढे, म्हणजे 4 ही 5 च्या, 3 ही 6 च्या, 2 ही 1 च्या. कर्णरेषेतल्या मुलींचा एकमेकींशी संबंध नाही. हे पायांच्या जागेवरून ठरतं. बॉलला हात लागला की बंधन संपलं, मग कुणीही कुठेही जावं. फक्त मागच्या रांगेतलीने नेटपासून 3 मीटरच्या रेषेच्या आत येऊन नेटच्या वरच्या उंचीवरचा बॉल पलीकडे मारायचा नाही आणि ब्लॉकलाही, म्हणजे समोरून येणारा बॉल नेटवर हात उंचावून अडवायलाही, जायचं नाही.

बाकीचं भराभर सांगतो. संघाला तीन स्पर्श, एकीला लागोपाठ दोन नाहीत. ब्लॉकचा स्पर्श तीनात धरत नाहीत, ब्लॉक करणारीच पुढचा स्पर्शही करू शकते. दोघींनी एकदम हात लावला तर दोन स्पर्श मोजतात. बॉल रेषेला लागला तर आत. नेटच्या कडेला उभ्या असलेल्या अँटेनाला लागला तर बाहेर. पाय, डोकं, काहीही लागलं तरी चालतं. बॉल खेळताना अँटेनांच्या मधल्या नेटला हात लागला तर फाउल. मध्यरेषा पायाने ओलांडणं मात्र मुलींना वाटतं तितकं कडक नाही: पायाचा काही भाग रेषेवर किंवा तिच्या बरोबर वर असेल आणि समोरच्याला अडथळा होत नसेल तर चालतं.

नियमाच्या पुस्तकात नसलेली एक गोष्ट, आणि माझ्या मते परीक्षेतल्या गुणांवर तिचा सगळ्यात जास्त परिणाम होतो: बोल. बॉल आपल्याकडे येतोय असं वाटताच मोठ्याने 'माझा' म्हण, तो नेट ओलांडायच्या आत. दोघींच्या बरोबर मधे बॉल पडतो आणि दोघी एकमेकींकडे बघत राहतात, हे दृश्य प्रत्येक शाळेत दिसतं. दोघींनाही तो घेता येत असतो. 'माझा' ऐकू आलं की दुसरीने बाजूला होऊन तिच्याकडे तोंड करायचं, कारण पुढचा स्पर्श आता हिचा असू शकतो.

हे वाचणारे पी.टी.चे शिक्षक असतील तर त्यांच्यासाठी थोडं. चाळीस मुलं आणि एक नेट असताना सहा-सहा खेळवलं की अठ्ठावीस जण बाहेर बसतात, आणि आतल्या बारांपैकीही पाचसहांना बॉल लागतच नाही. त्यापेक्षा मैदानाच्या लांबीच्या दिशेने, मधोमध दोरी बांधा. 18 मीटरचे तीन भाग केले की 6 मीटर रुंद आणि दोन्हीकडे साडेचार मीटर खोल अशी तीन छोटी मैदानं होतात. प्रत्येकात चार-चार घेतले तर चोवीस जण एकदम खेळतात, उरलेले भिंतीवर पास करतात, दहा मिनिटांनी अदलाबदल. पहिल्या आठवड्यात बॉलला एक टप्पा पडू द्या, दुसरा स्पर्श पकडून फेकला तरी चालवून घ्या. नियम कडक करायला पुढे वेळ आहे, रॅली मात्र आजच व्हायला हवी. मुळात 1895 साली विल्यम मॉर्गन यांनी अमेरिकेतल्या होल्योक गावच्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेमध्ये हा खेळ बसवला तोच बास्केटबॉलची धसमुसळ न झेपणाऱ्यांसाठी, आणि तेव्हा खेळाडूंच्या संख्येला किंवा स्पर्शांना मर्यादाही नव्हती.

पुन्हा तुझ्याकडे येतो. तोंडी परीक्षेत पंचांच्या खुणा हमखास विचारतात, त्या हाताने करूनच पाठ कर. बॉल आत: हात आणि बोटं जमिनीकडे. बॉल बाहेर: दोन्ही हात कोपरात वाकवून वर, तळवे स्वतःकडे. बाहेर जाण्याआधी कुणाला लागला असेल तर एका हाताची बोटं उभी धरून दुसऱ्या तळव्याने त्यांवरून पुसल्यासारखं करायचं. डबलला दोन बोटं, चार स्पर्शांना चार बोटं. धरलेल्या बॉलला तळवा वर करून हात सावकाश उचलायचा. रोटेशनच्या फाउलला तर्जनीने हवेत गोल फिरवायचं. वर्गात सामना चालू असताना तू बाहेर बसली असशील तेव्हा प्रत्येक रॅलीनंतर सरांच्या आधी खूण करून बघ. दोन-तीन तासांत खुणाही बसतील आणि त्यांच्यामागचे नियमही.